वाड्यातलं पान आणि घाटावरची शिदोरी

(महिला बचत गटांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात झालेलं भाषण)

हातातलं काम चालू ठेवा, निवडणं-टिपणं थांबवू नका. आज मी एका जेवणाची गोष्ट सांगणार आहे. मी स्वतः ते जेवण जेवलेली नाही, पण त्याची चौकशी मात्र पुष्कळ केली.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटाचा अभ्यासदौरा महेश्वरला गेला. शिरपूर सोडलं, सेंधव्याचा घाट चढला, धामनोदला वळलो आणि दुपारी नर्मदेच्या काठावर पोचलो. हातमाग बघायचे, साडी कशी विणतात ते समजून घ्यायचं, एवढाच बेत होता. संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही शिदोऱ्या सोडल्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा. समोर नर्मदा, पाठीशी किल्ल्याची उंच दगडी भिंत. अंधार पडला तसे भिंतीच्या वरच्या बाजूला एकेक करून दिवे लागले. नावाडी म्हणाला, वर हॉटेल आहे, मोठमोठे पाहुणे नदीकडे बघत जेवतात.

आमच्यातल्या एक आक्का सगळ्यांत वयस्क. तिशीच्या आतच त्यांचं कुंकू पुसलं गेलं. त्या मान वर करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काय गं, वर काय जेवत असतील? आणि ती अहिल्याबाई, ती काय जेवत असेल?"

सगळ्या हसल्या. मला मात्र त्या प्रश्नानं झोप येऊ दिली नाही. घरी आल्यावर पुस्तकं काढली, माहीतगार माणसांना विचारलं. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी त्या जागेविषयी. महेश्वर मध्य प्रदेशात, खरगोण जिल्ह्यात येतं. पण तिथली राजगादी मराठी बाईची होती. आपल्या चौंडीची लेक, जामखेड तालुक्यातली. माणकोजी शिंद्यांची मुलगी अहिल्या, जन्म 31 मे 1725. मल्हारराव होळकरांनी तिला सून करून घेतलं. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव पडला. ती सती जायला निघाली होती, सासऱ्यानं थांबवलं. 1766 मध्ये सासरा गेला, 1767 मध्ये एकुलता एक मुलगा मालेराव गेला. घरातले तिन्ही कर्ते पुरुष संपले. त्यानंतर तिनं 1795 पर्यंत राज्य केलं आणि राजधानी नेली महेश्वरला, नर्मदेच्या काठावर.

तिचा वाडा आजही उभा आहे. राजवाडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सोन्याचे खांब येतात. इथे तसं काही नाही. लाकडी खांब, ओसरी, चौक. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या वाड्यासारखाच. तिची गादी म्हणजे पांढऱ्या खोळीची बैठक, ती तशीच राखून ठेवली आहे. आजही तिथे रोज सकाळी लिंगार्चन होतं. ब्राह्मण नर्मदेच्या मातीची हजारो छोटी शिवलिंगं करतात, पूजा झाली की ती पुन्हा नदीत सोडतात.

1818 मध्ये होळकर इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि राजधानी इंदूरला हलली. महेश्वर मागे पडलं. वाड्याची, तटाची डागडुजी कोण करणार? जुनी वास्तू म्हणजे म्हाताऱ्या जनावरासारखी, रोज दाणापाणी मागते. होळकरांच्या घराण्यातले रिचर्ड होळकर, म्हणजे इंदूरच्या शेवटच्या महाराजांचे चिरंजीव, यांनी 2000 साली किल्ल्यातल्या आपल्या राहत्या भागाचं हॉटेल केलं. रिचर्ड यांना स्वयंपाकाची मोठी हौस. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी सॅली होळकर यांनी 1975 मध्ये राजघराण्यांच्या मुदपाकखान्यांतल्या पदार्थांवर एक इंग्रजी पुस्तकच लिहिलं. त्यामुळे या हॉटेलात जेवणाला फार मान आहे. वाड्याच्या बागेतली ताजी भाजी वापरतात. कधी बुरुजावर, कधी झाडाखाली, कधी तटाच्या कडेला टेबल लावतात. खाली नर्मदा वाहत असते. जेवायला आणखी काय हवं? एका रात्रीच्या मुक्कामाला मात्र आपल्यासारखीची महिन्याची कमाई पुरायची नाही.

हे सगळं छान आहे. वास्तू टिकली, गावातल्या लोकांना काम मिळालं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आक्कांचा दुसरा प्रश्न शिल्लक राहतो. याच वाड्यात अहिल्याबाई काय जेवत होत्या?

मैत्रिणींनो, याचं उत्तर एका शत्रूनं लिहून ठेवलं आहे. जॉन माल्कम नावाचा इंग्रज सेनाधिकारी. डिसेंबर 1817 मध्ये महिदपूरला तो होळकरांच्या फौजेशी लढला आणि जिंकला. पुढे माळव्याचा कारभार त्याच्याकडे आला. तेव्हा अहिल्याबाईंना जाऊन वीस-पंचवीस वर्षं झाली होती. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसं हयात होती. माल्कमला वाटलं, लोक आपल्या बाईचं कौतुक वाढवून सांगत असतील. म्हणून तो वेगवेगळ्या लोकांकडे खोदून खोदून चौकशी करत राहिला. जितकं विचारलं तितका आदर वाढतच गेला. 1823 मध्ये त्यानं माळव्याच्या इतिहासाचं पुस्तक छापलं. त्यात बाईंचा दिवस कसा जात असे हे तपशिलानं आहे.

बाई उजाडायच्या तासभर आधी उठत. स्नान, पूजा. मग पोथी ऐकत. मग दानधर्म, आणि ब्राह्मणांना स्वतःच्या हातानं जेवण वाढत. एवढं झाल्यावर त्यांचं पान मांडलं जाई. पानात काय? भाजीपाला, धान्य, साधं शाकाहारी जेवण. होळकर धनगर. त्यांच्या घरात मांसाहाराला बंदी नव्हती. बाईंनी तो आपण होऊन सोडला होता. जेवण झालं की थोडी पूजा, थोडा विसावा. दुपारी दोनच्या सुमाराला दरबारात जाऊन बसत, त्या संध्याकाळी सहापर्यंत. पुन्हा दोन-तीन तास पूजाअर्चा आणि थोडंसं खाणं. रात्री नऊला पुन्हा कामाला बसत, ते अकरापर्यंत. मग झोप. सणवार, उपासतापास आणि राज्यावरची संकटं सोडली तर वर्षानुवर्षं हाच क्रम.

आक्कांना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्यासारखंच की. सगळ्यांना वाढून मग आपलं."

हो, आपल्यासारखंच. पण एक फरक आहे, आणि तो फार मोठा आहे. वाढण्याचा हातही बाईंचा होता आणि कोठाराची किल्लीही बाईंच्याच कमरेला होती.

ती किल्ली त्यांना कुणी सुखासुखी दिली नाही. मुलगा गेला तेव्हा गंगाधर यशवंत नावाच्या जुन्या कारभाऱ्यानं सुचवलं, की एखादं लहान मूल दत्तक घ्या, कारभार आम्ही बघतो, तुम्हाला घसघशीत नेमणूक बांधून देतो. म्हणजे काय? बाई, तुम्ही खाऊन-पिऊन देवदेव करत बसा. चांगलं ताट मिळेल, पण ताटात काय पडायचं ते आम्ही ठरवू. राघोबादादा पेशवेही या बेतात सामील होते. बाईंनी साफ नकार दिला. मी एकाची बायको आहे, दुसऱ्याची आई आहे, वारस नेमायचा हक्क माझा आहे, अशा अर्थाचं ठणकावलं. फौजा जमवल्या, शेजारच्या सरदारांना पत्रं धाडली, लढाईची तयारी केली. पुण्याहून माधवराव पेशव्यांनी बाईंची बाजू घेतली आणि राघोबादादांना मागे फिरावं लागलं. लष्कराचं काम बाईंनी तुकोजी होळकरांकडे दिलं, मुलकी कारभार स्वतःकडे ठेवला.

आता पैशाचं. आपला गटाचा कार्यक्रम आहे, हिशेब आलाच पाहिजे. काशीचं विश्वनाथ मंदिर, सोमनाथचं मंदिर, देशभरचे घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं, हे सगळं बाईंनी कुठल्या पैशातून केलं? होळकरांच्या घरात दोन खाती होती. एक दौलतीचं, म्हणजे सरकारी. दुसरं खासगीचं. 1734 मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांची पत्नी गौतमाबाई हिच्या नावानं वेगळी जहागीर दिली होती. तिचं उत्पन्न वर्षाला जवळजवळ तीन लाख रुपये. ती घरातल्या बाईची मालमत्ता, पुरुषांनी लढाईत उडवायची नाही. सासूनंतर ती सुनेकडे आली. अहिल्याबाईंच्या दानधर्मामागे हा खासगीचा पैसा होता. बायांनो, नीट ऐका. पावणेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी सासूच्या नावावर खातं उघडलं गेलं आणि त्या खात्यातून सुनेनं हिंदुस्थानभर पाण्याची आणि सावलीची सोय केली. बाईच्या नावावर काय असतं याला किती किंमत आहे, ते यावरून समजतं.

त्या पैशातून जेवलं कोण? माल्कमनं तेही लिहिलंय. रोज गोरगरिबांना जेवण मिळे. ठरावीक सणांना अगदी तळाच्या लोकांनाही जेवण घातलं जाई. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी पाजायला रस्त्यांवर माणसं उभी असत. थंडी सुरू झाली की आश्रितांना गरम कपडे वाटले जात. आणि पुढची गोष्ट वाचताना माझे तर डोळे भरून आले. महेश्वरच्या आसपास शेतात नांगर चालू असला की बाईंचा माणूस पाणी घेऊन बांधावर येई, नांगर थांबवी आणि बैलांना पाणी पाजी. पाखरांना शेतकरी हाकलतो, त्याला इलाज नसतो. बाईंनी उभ्या पिकाची शेतं विकत घेतली आणि पाखरांना मोकळी सोडली. शेतकऱ्याचा दाणाही वाचला, पाखराचं पोटही भरलं. नदीतल्या माशांनाही रोज दाणा मिळे.

बाई आपल्या काळाच्याच होत्या, हेही सांगते. तेव्हा पंगत जातीची होती आणि ती रीत त्यांनी मोडली नाही. उगाच त्यांना आजच्या काळातलं करायला नको. पण भुकेल्या जिवाकडे बघायची नजर त्यांनी कुठवर नेली ते बघा. बैलापर्यंत, चिमणीपर्यंत.

आता आक्कांच्या मनातला खरा प्रश्न. त्यांनी तो विचारला नाही, पण मला ऐकू आला. विधवेचं काय?

अहिल्याबाईंनी नवऱ्यामागे पांढरंच लुगडं नेसलं, काठालाही रंग नाही. दागिना म्हणावा तर एक लहानशी माळ. आणि आज तेच गाव कशासाठी प्रसिद्ध आहे? रंगीत काठासाठी! महेश्वरी साडीचा काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो. त्यावर किल्ल्याच्या दगडातली नक्षी असते, चटईची, विटेची, हिऱ्याची, नर्मदेच्या लाटेची. असं सांगतात, की बाईंनी बाहेरून विणकर आणून वसवले, पाहुण्यांना आहेर करायला साड्या विणवल्या. स्वतःच्या अंगाला रंग लावला नाही, पण दुसऱ्यांच्या घरात रंग धाडला.

स्वतःवर त्यांनी रूढी सगळी पाळली. राज्यातल्या विधवांच्या मालमत्तेला मात्र हात लावू दिला नाही. त्या काळी निपुत्रिक माणूस मेला की त्याची संपत्ती सरकारजमा व्हायची, नाहीतर दत्तक मंजूर करायला सरकार मोठा नजराणा उकळायचं. बाईंनी हा नजराणा नाकारला. खरगोणला दोन श्रीमंत सावकार निपुत्रिक गेले. त्यांच्या विधवा आपली संपत्ती घेऊन बाईंकडे आल्या, सरकारात जमा करा म्हणाल्या. बाईंनी एक पैसा घेतला नाही. तुमचं तुमच्यापाशी ठेवा आणि खर्चायचंच असेल तर लोकांच्या उपयोगी पडेल असं काही करा, असं सुचवलं. त्या बायकांनी घाट आणि देऊळ बांधलं.

पण एका विधवेला बाई वाचवू शकल्या नाहीत. ती त्यांची स्वतःची लेक होती, मुक्ता. मुक्ताबाईचा मुलगा ऐन तारुण्यात वारला, मागोमाग 1791 मध्ये नवरा यशवंतराव फणसे गेला. मुक्तेनं सती जायचं ठरवलं. आईनं लेकीपुढे पदर पसरला. जमिनीवर पडून विनवण्या केल्या. राज्याची मालकीण, पण लेकीपुढे काही चाललं नाही. लेकीचं म्हणणं असं होतं, की तू म्हातारी झालीस, तूही जाशील, मग माझं कोण? आजची वेळ गेली तर मानानं मरणंही हातात राहणार नाही. मैत्रिणींनो, विधवेचं जिणं तेव्हा किती कठीण असेल, की राणीच्या लेकीलासुद्धा ते जगवेनासं वाटलं!

अहिल्याबाई चितेपर्यंत चालत गेल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्या आवाक्याबाहेर गेल्या. किंचाळल्या, सुटायला धडपडल्या, हात सोडवता येईनात म्हणून ते हातच चावले. मग नर्मदेत स्नान करून वाड्यात परतल्या. तीन दिवस त्या एक शब्द बोलल्या नाहीत आणि जवळजवळ अन्नाला शिवल्या नाहीत. रोज शेकडो पानं वाढणाऱ्या त्या घरात धनिणीचं पान तसंच राहिलं. पुढे लेकीची आणि जावयाची छत्री बांधली आणि त्या पुन्हा कामाला बसल्या.

13 ऑगस्ट 1795 ला त्या गेल्या. काळजीनं आणि श्रमानं शरीर झिजलं होतंच, त्यात कडक उपासांची भर पडली आणि मरण लवकर आलं, असं काहींचं म्हणणं माल्कमनं नोंदवलं आहे. हे मी मुद्दाम सांगते. श्रद्धा असू द्या, उपास करा. पण आठवड्याला तीन-तीन उपास, वरून शेतातलं काम आणि घरात सगळ्यांत शेवटी जेवायचं, हे अंगावर येतं. बाईंची भक्ती घेऊ या, त्यांचं झिजणं नको घेऊ या.

शेवटी आज काय चाललंय ते सांगते. ज्या दौऱ्यासाठी गेलो होतो ते माग आम्ही पाहिले. एके काळी महेश्वरचा हातमाग मरायला टेकला होता. 1970च्या दशकाच्या अखेरीला होळकर पती-पत्नींनी रेवा सोसायटी काढली. रेवा म्हणजे नर्मदाच. तिथे बायकांना मागावर बसवलं. 2002 मध्ये सॅलीबाईंनी वुमनवीव्ह ही संस्था सुरू केली, तीही विणकर बायकांसाठीच. वर तटावर पाहुण्यांची पानं मांडली जातात आणि त्याच किल्ल्याच्या सावलीत शेकडो बायका मागावर आपलं पोट आपण भरतात. मला विचाराल तर अहिल्याबाईंच्या घरचं खरं जेवण ते.

कायद्यानंही आता पुष्कळ दिलंय. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा वाटा मिळतो. 2005 च्या दुरुस्तीनं लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत लेकासारखाच हक्क मिळाला. 4 मे 2022 ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की आमच्या गावात कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तुमच्या गावानं तो ठराव केलाय का? पुढच्या ग्रामसभेत विचारा. आणि गटातल्या ज्या बहिणीचा नवरा गेला असेल, तिच्या नावाची वारसनोंद सातबाऱ्यावर झाली का, तेही बघा. तलाठ्याकडे एकटीला जायला संकोच वाटत असेल तर दोघी-तिघी बरोबर जा.

आमच्या आक्कांचं सांगून थांबते. परत आल्यावर गटाच्या बैठकीत मी हे सगळं वाचून दाखवलं. आक्का गप्प होत्या. निघताना म्हणाल्या, "माझा सातबारा दिरानं कधी दाखवलाच नाही गं. बघायला जाऊ या का?" सोमवारी आम्ही पाचजणी त्यांच्याबरोबर तलाठी कार्यालयात गेलो. उतारा काढला. आक्कांचं नाव त्यावर नव्हतं. चाळीस वर्षं त्या त्या शेतात राबल्या आणि कागदावर त्या नव्हत्याच. वारसनोंदीचा अर्ज दिलाय. दीर रागावलेत. काम सोपं नाही, पण पोच घेतली आहे आणि ती आक्कांनी पिशवीत घडी घालून ठेवली आहे.

संक्रांतीला गटाचं हळदीकुंकू झालं. पहिलं वाण आम्ही आक्कांना दिलं. दोघी-चौघींनी तोंडं वाकडी केली, पण उठून कुणी गेलं नाही. मग सगळ्या एकाच पंगतीला बसलो. वाढायला आक्काच उठत होत्या, सवयीनं. त्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि म्हटलं, आज तुम्ही आधी.